बीएएमएस, एच-४ आणि त्वचारोगातली पीए: या वाटेनं कुणी गेलंय का?

रानजाई

नमस्कार मंडळी. पहिल्यांदाच धागा काढतेय, काही चुकलं तर सांभाळून घ्या.

मी नाशिकची, बीएएमएस. लग्नाआधी तीन वर्षं एका त्वचारोगतज्ज्ञ मॅडमच्या दवाखान्यात काम केलं. केस पेपर लिहिणं, ड्रेसिंग, पेशंटला औषधं समजावून सांगणं. त्या कामात मन रमलं होतं. आता टेक्सासमध्ये फ्रिस्कोला राहते. नवऱ्याचं आय-१४०, म्हणजे ग्रीन कार्डाच्या वाटेवरचं कागदपत्र, मंजूर झालंय आणि एच-४ वरचं, म्हणजे जोडीदाराच्या व्हिसावरचं, माझं वर्क परमिट गेल्या महिन्यात हातात आलं. मुलगी ऑगस्टपासून शाळेत जाईल. माझं वय ३४.

परवा मुलीच्या काखेजवळ मोत्यासारखे बारीक दाणे आले म्हणून स्किनच्या दवाखान्यात नेलं. एक बाई आत आली आणि 'मी पीए आहे, फिजिशियन असिस्टंट' म्हणाली. मला वाटलं ही माहिती विचारून जाईल, मग डॉक्टर येतील. डॉक्टर आलेच नाहीत. तिनंच तपासलं, एकेका दाण्यावर औषध टेकवलं, पुढची तारीख दिली, आणि मुलीला इतकं छान बोलतं केलं की ती रडलीसुद्धा नाही. घरी येताना गाडीत मी एकच विचार करत होते, हे मला जमेल का?

घरी विषय काढला तर सासरचे एक नातेवाईक म्हणाले, 'असिस्टंट म्हणजे कंपाउंडरच ना? डॉक्टर होतीस, आता कंपाउंडर होणार?' ते वाक्य डोक्यातून जात नाहीये.

कुणाला खरी माहिती असेल तर सांगा. पीए नक्की काय करतो? बीएएमएसचा काही उपयोग होतो का? आणि त्वचारोग कॉलेजात शिकवतात की नंतर?

एडिसनकर

आमच्या घरचा अनुभव नर्सिंगच्या बाजूचा आहे. बायको इथे आरएन, म्हणजे परवानाधारक नर्स झाली, मग नोकरी करत करत नर्स प्रॅक्टिशनर, म्हणजे स्वतः तपासून औषधं लिहिणारी नर्स झाली. त्या वाटेत पगार चालू राहतो. पीएचं शिक्षण पूर्ण वेळ असतं आणि त्या काळात नोकरी करू नका असं कॉलेजंच सांगतात, त्यामुळे सव्वादोन-अडीच वर्षं एका पगारावर घर चालवायची तयारी ठेवा. फीसुद्धा काही ठिकाणी लाख डॉलरच्या वर जाते, आणि एच-४ वर सरकारी शैक्षणिक कर्ज मिळत नाही. निराश करत नाहीये, पण हा हिशेब आधी कागदावर मांडा.

अजिंक्यतारा

रानजाई, तुझं वाचलं आणि २००९ सालची मी आठवले. तू म्हणते, चालेल ना? मी मूळची सातारची, बी.फार्म. डॅलस-फोर्ट वर्थ भागात त्वचारोगात पीए म्हणून माझं हे बारावं वर्ष. मुलं झोपलीत, तेव्हा सविस्तरच लिहिते.

आधी त्या 'कंपाउंडर'चं. अमेरिकेत हा पेशा १९६५ साली ड्यूक विद्यापीठात सुरू झाला. डॉक्टर कमी पडत होते, आणि नौदलातून परतलेले वैद्यकीय जवान मात्र हाताशी मोठा अनुभव असून रिकामे होते. डॉ. यूजीन स्टेड यांनी अशा चौघांना घेऊन दोन वर्षांचा अभ्यासक्रम काढला. १९६७ मध्ये त्यातले तिघे पास होऊन बाहेर पडले. म्हणजे पेशंटजवळ आधीच काम केलेल्या माणसाला वैद्यकाचं शिक्षण देऊन डॉक्टरच्या जोडीला उभं करायचं, ही मूळ कल्पना. तुझी दवाखान्यातली तीन वर्षं त्या कल्पनेत चपखल बसतात. २०२१ मध्ये आमच्या राष्ट्रीय संघटनेनं 'फिजिशियन असोसिएट' हे नाव ठरवलं, पण बहुतेक राज्यांच्या कायद्यात अजून 'असिस्टंट'च आहे. नातेवाइकांना हे सगळं सांगत बसू नकोस. मी सांगून पाहिलंय, दमायला होतं.

काम काय, तर आजचा माझा दिवस सांगते. २८ पेशंट. सकाळी पहिले एक गुरं पाळणारे आजोबा, आयुष्य उन्हात गेलेलं. कानांच्या कडांवर आणि टकलावर खरखरीत लाल ठिपके, पुढे कर्करोगात बदलू शकतील असे. त्यांवर द्रवरूप नायट्रोजनचा फवारा, उणे १९६ अंशांचा, एकेका ठिपक्यावर मोजून काही सेकंद. मग मुरुमांसाठी आयसोट्रेटिनॉइन घेणारी १७ वर्षांची मुलगी. हे औषध पोटातल्या बाळाला फार घातक असतं, म्हणून दर महिन्याला गर्भचाचणी आणि सरकारमान्य नोंदणीत सगळं भरल्याशिवाय गोळी मिळत नाही. त्यात माझी वीस मिनिटं जातात, आणि जायलाच हवीत. मग इसबानं रात्र रात्र खाजवणारा एक मुलगा, जो डुपिलुमॅबच्या इंजेक्शनांनंतर आता झोपायला लागलाय. त्याची आई आज फक्त तेवढं सांगायला दोन मिनिटं जास्त थांबली.

दुपारी एका बाईंच्या नाकपुडीवर मोत्यासारखी चकाकणारी पुळी. मला बेसल सेल कर्करोगाची शंका. भूल दिली, पातळ पातं वाकवून पुळी वरच्यावर काढली, रक्त थांबवलं, तुकडा फॉर्मॅलिनच्या बाटलीत. बाटलीवरचं नाव पेशंटसमोर मोठ्यानं वाचायची मला सवय आहे. दोन बाटल्यांची अदलाबदल झाली तर एका माणसाचा कर्करोग दुसऱ्याच्या नावावर जातो.

हे सगळं मी एकटीनं केलं आणि डॉक्टर शेजारच्या खोल्यांत त्यांचे पेशंट बघत होत्या. आज तीनदा मी त्यांचं दार वाजवलं. कायद्यानं टेक्सासमध्ये पीएला देखरेखीचा डॉक्टर लागतोच, औषधं लिहिण्याचा अधिकारही त्यांच्याकडून लेखी मिळतो. पण तो डॉक्टर त्याच इमारतीत हजर असला पाहिजे असं कायदा म्हणत नाही. खरी गोम इथे आहे, त्याकडे येतेच.

शिक्षणाचं. सरासरी २७ महिने, मास्टर्स पदवी. पहिलं साधारण वर्षभर वर्ग: शरीररचना, औषधशास्त्र, सगळ्या शाखा धबधब्यासारख्या अंगावर येतात. मग वर्षभर रुग्णालयांत आणि दवाखान्यांत फिरती: मेडिसिन, सर्जरी, इमर्जन्सी, बालरोग, स्त्रीरोग, मानसिक आरोग्य. त्यानंतर पॅन्सी नावाची राष्ट्रीय परीक्षा, ३०० प्रश्न, मग राज्याचा परवाना. पुढे दर दोन वर्षांनी १०० तासांचं शिक्षण दाखवायचं आणि दहा वर्षांच्या चक्रात पुन्हा परीक्षा. भारतात पीएची पदवी घेतलेल्यांनाही पॅन्सीला बसता येत नाही, इथल्याच मान्यताप्राप्त कॉलेजातून पास व्हावं लागतं.

बीएएमएसवर थेट सूट कुठेच नाही. पदवीचं मूल्यांकन करून घे, म्हणजे बॅचलर्स म्हणून बरीच कॉलेजं धरतील. पण शरीरशास्त्र, मायक्रोबायॉलॉजी, बायोकेमिस्ट्री, स्टॅटिस्टिक्स, सायकॉलॉजी हे विषय इथल्या कॉलेजातून केलेले मागतात. तुझ्या जवळच कॉलिन कॉलेज आहे, तिथे कमी पैशांत होतील. शिवाय पेशंटजवळच्या कामाचे तास, बऱ्याच ठिकाणी हजार ते दोन हजार. वर्क परमिट आलंय तर उद्यापासून एखाद्या स्किनच्या दवाखान्यात मेडिकल असिस्टंटच्या, म्हणजे दवाखान्यातल्या मदतनिसाच्या, कामासाठी अर्ज कर. नाशिकचे तास मोजतील का आणि एच-४ वर प्रवेश देतील का, हे मात्र प्रत्येक कॉलेजला लिहून विचार, आणि उत्तर जपून ठेव.

आता तुझा शेवटचा प्रश्न. त्वचारोग कॉलेजात शिकवतात का? जवळजवळ नाही. आम्हाला वर्गात तीन आठवडे होता. पॅन्सीच्या ३०० प्रश्नांत त्वचेचे जेमतेम पंधराच्या आसपास. मी हट्टानं ऐच्छिक फिरती त्वचारोगात घेतली, ती चार आठवडे. एवढ्या शिदोरीवर पहिली नोकरी लागली.

त्या नोकरीबद्दल मी कुठे फारसं लिहिलेलं नाही. दवाखान्याचं नाव सांगणार नाही. तीन आठवडे एका पीएच्या मागे उभी राहिले आणि चौथ्या आठवड्यापासून माझ्या नावावर दिवसाला ३० पेशंट. देखरेखीचे डॉक्टर चाळीस मैलांवरच्या दुसऱ्या शाखेत, फोनवर. पाचव्या महिन्यात पन्नाशीची एक कृष्णवर्णीय बाई आली, टाचेजवळ तळपायावर काळपट डाग. नवे बूट लागले असतील, असं तीच म्हणाली. मी डर्मोस्कोप, म्हणजे त्वचा बघायचं भिंग, लावून पाहिलंही. पण तळपायाच्या रेघांमध्ये रंग खाचांत आहे की उंचवट्यांवर, हे बघायचं असतं, हेच मला माहीत नव्हतं. खाचांत असेल तर बहुधा साधा तीळ. उंचवट्यांवर असेल तर तुकडा तपासायला पाठवायचा. मी 'रक्त साकळलंय, दोन महिन्यांनी दाखवा' असं लिहिलं. ती पाच महिन्यांनी आली. मेलेनोमा होता, त्वचेचा घातक कर्करोग.

शस्त्रक्रिया झाली, मांडीची कातडी लावावी लागली. ती बरी आहे. मी तिला भेटून, माझ्याकडून काय बघायचं राहिलं ते स्पष्ट सांगितलं. तिनं माझा हात धरला. ते आठवलं की आजही घशात दाटतं.

सावळ्या आणि काळ्या कातडीत मेलेनोमा कमी होतो, पण होतो तेव्हा तळपाय, तळहात, नखांखाली अशा जागी जास्त सापडतो. बॉब मार्लीचा मेलेनोमा पायाच्या बोटाच्या नखाखाली होता, १९८१ मध्ये ३६ व्या वर्षी तो गेला. पुस्तकांत मात्र मी जे फोटो पाहून शिकले, ते बहुतेक गोऱ्या पाठीवरच्या तिळांचे होते.

पुढच्या वर्षी मी ती नोकरी सोडली आणि १८ हजार डॉलर कमी पगारावर आत्ताच्या डॉक्टरांकडे आले. त्यांनी सहा महिने मला एकटीला पेशंट दिला नाही. मी आधी आत जायचं, तपासायचं, वहीत माझं निदान लिहायचं, मग त्या येणार. वही झाकून ठेवायची नाही. दर गुरुवारी संध्याकाळी आठवड्याचे पॅथॉलॉजी रिपोर्ट घेऊन बसायचो: मी काय लिहिलं होतं, सूक्ष्मदर्शकानं काय सांगितलं. पहिल्या वहीत लाल शाई जास्त आहे. आता अकरावी वही चालू आहे आणि गुरुवार अजून चुकत नाही. त्वचारोग मी तिथे शिकले, रानजाई. पदवीनं परवाना दिला, नजर त्या गुरुवारांनी दिली.

त्वचावैद्य_पुणे

अजिंक्यतारा, प्रामाणिकपणे लिहिलंत, म्हणून मीही मोकळेपणानं लिहितो. मी पुण्यात २२ वर्षं त्वचारोगाची प्रॅक्टिस करतो. एमबीबीएसनंतर तीन वर्षं एमडी, फक्त त्वचा. अमेरिकेत तर मेडिकल कॉलेजनंतर आणखी चार वर्षं. ते चार आठवड्यांत होत नाही, तुम्हीच म्हणालात.

२०१८ मध्ये 'जामा डर्मटॉलॉजी' या वैद्यकीय नियतकालिकात एक अभ्यास आला होता. एक मेलेनोमा सापडण्यासाठी त्वचारोगतज्ज्ञांना तपासणीसाठी त्वचेचे सरासरी २५ तुकडे काढावे लागले, पीएंना ३९. म्हणजे पेशंटला जास्त काप. शिवाय अगदी सुरुवातीच्या टप्प्यातला मेलेनोमा पीएंच्या तपासणीत कमी सापडला. रानजाईंनी हे वाचूनच निर्णय घ्यावा.

आणखी एक, आपल्या लोकांबद्दल. तिकडे भारतातून आलेल्या माणसाच्या अंगावर फिकट चट्टा दिसला तर कोड, शिबं एवढ्यावर थांबू नका. कापसाच्या बोळ्यानं स्पर्श कळतो का बघा, कोपरामागची नस जाड लागते का बघा. कुष्ठरोग संपलेला नाही, आणि तिकडच्या कित्येक जणांनी तो कधी पाहिलेला नसतो.

अजिंक्यतारा

डॉक्टरसाहेब, तो अभ्यास मी पाहिलाय. त्यातले हे दोन आकडे माझ्या टेबलासमोरच्या फळ्यावर लिहिलेले आहेत, २५ आणि ३९. नव्यानं येणाऱ्या प्रत्येक पीएला मी ते दाखवते. त्यावर वाद घालायची मला गरज वाटत नाही. तुमचं म्हणणं बरोबर आहे, म्हणूनच डॉक्टर शेजारच्या खोलीत हवा हा माझा आग्रह आहे. एकट्यानं दवाखाना चालवणारी पीए व्हायचं माझ्या मनात कधीच नव्हतं.

पण दुसरी बाजूही बघा. इथे त्वचारोगतज्ज्ञाची वेळ मिळायला महिनोन्महिने लागतात. माझ्या यादीत रोज दोन जागा राखून ठेवलेल्या असतात, 'बदलतोय असा तीळ' म्हणून फोन आला तर त्याच आठवड्यात बोलवायला. डॉक्टर आणि मी दोघी मिळूनच ते करू शकतो.

कोपरामागच्या नसेचं लिहिलंत, मनापासून आभार. गुरुवारी आमच्या बैठकीत सांगणार आहे.

यावरून एक आठवलं. मागच्या उन्हाळ्यात जळगावहून मुलाकडे आलेले एक काका आले होते. मांड्यांत, कमरेवर मोठे तपकिरी चट्टे, कडा विस्कटलेल्या. दुसरीकडे इसब म्हणून स्टेरॉइडचं मलम दिलेलं, आणि चट्टे पसरत गेलेले. दुभाषा फोनवर घ्यायची तयारी चालली होती. मी आत जाऊन म्हटलं, 'काका, हे गजकर्ण तिकडे असल्यापासूनच आहे का? कुठली ट्यूब लावत होतात?' काका आधी माझ्याकडे बघत राहिले, मग मुलाला म्हणाले, 'पिशवी दे.' पिशवीत केमिस्टकडून आणलेल्या सहा ट्यूब निघाल्या. सगळ्यांत बुरशीच्या औषधाबरोबर क्लोबेटासोल, म्हणजे स्टेरॉइडमधलं सगळ्यात जहाल.

चट्ट्याची कड खरवडून काचेवर घेतली, पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा थेंब टाकला, आणि सूक्ष्मदर्शकाखाली बुरशीचे धागे स्वच्छ दिसले. बुरशीवरच्या टर्बिनाफिननं काही फरक पडला नाही. नमुना मोठ्या प्रयोगशाळेत पाठवला तेव्हा ट्रायकोफायटन इंडोटिनी ही बुरशी निघाली. नावातच 'इंडो' आहे, डॉक्टरसाहेब, तुम्ही तर रोजच बघत असाल. अमेरिकेत न्यूयॉर्कच्या पहिल्या दोन पेशंटची नोंद २०२३ साली प्रसिद्ध झाली. इट्राकोनॅझोलवर काका बरे झाले, पण कित्येक आठवडे लागले.

त्या खोलीत गजकर्ण, इसब, नायटा, चिखल्या, पित्त उठणं हे शब्द कळणारी माझ्याशिवाय कुणी नव्हती. रानजाई, तुझ्या तीन वर्षांवर कुठलंही कॉलेज क्रेडिट देणार नाही, पण सावळ्या कातडीवरची लाली लाल दिसत नाही, जांभळट किंवा राखाडी दिसते, हे तू नाशिकमध्ये रोज पाहिलंयस. इथल्या हुशार मुलामुलींना ते मुद्दाम शिकावं लागतं. आणि अशा कातडीवर तो नायट्रोजनचा फवारा हात आखडून मारावा लागतो, कारण रंगाच्या पेशी थंडीनं सगळ्यात आधी मरतात. चामखीळ जाते आणि पांढरा डाग कायमचा राहू शकतो.

रानजाई

ताई, रात्री दोनदा वाचलं. नवऱ्यालाही वाचून दाखवलं. त्या बाईंचा हात धरल्याचं वाचताना मलाच भरून आलं. डॉक्टरसाहेब, तुमचेही आभार, तो अभ्यास शोधून वाचते.

एडिसनकरांनी सांगितलेला हिशेब मांडला. फी आणि घरखर्च धरून दोन वर्षं आधी साठवावे लागतील, म्हणजे प्रवेश ३६-३७ व्या वर्षी. उशीर होतोय का? आणि पुढे कधी पहिल्या नोकरीपर्यंत पोचलेच, तर चांगला शिकवणारा डॉक्टर ओळखायचा कसा? मुलाखतीत तर सगळेच 'शिकवू' म्हणत असतील.

अजिंक्यतारा

माझ्या वर्गात एक बाई ४४ वर्षांच्या होत्या, आधी अँब्युलन्सवर काम केलेल्या. रात्रीच्या फिरतीत आम्ही सगळे त्यांच्याच मागे उभे राहायचो. वयाचं मनातून काढ. त्या दोन वर्षांत विषय आणि तास दोन्ही पूर्ण होतील.

हो, मुलाखतीत सगळे 'शिकवू' म्हणतात. म्हणून नेमकं विचारायचं. पहिल्या महिन्यात माझ्या नावावर दिवसाला किती पेशंट? तेव्हा डॉक्टर याच इमारतीत असतील का, आठवड्यातले किती दिवस? माझ्या पेशंटचा पॅथॉलॉजी रिपोर्ट माझ्याबरोबर कोण वाचणार? याआधीची पीए किती वर्षं टिकली, तिच्याशी बोलता येईल का? आणि एक पूर्ण दिवस नुसतं बसायला द्या म्हणायचं. त्या दिवशी दुसरं काही बघू नकोस, तिथली पीए डॉक्टरचं दार वाजवते तेव्हा डॉक्टर कसे वळतात तेवढं बघ. माझ्या पहिल्या ठिकाणी मी हे बघितलं असतं तर वाजवायला दारच नाही हे कळलं असतं.

पगाराचा आकडा सगळ्यात शेवटी. अनुभव साठला की त्वचारोगातली वेगळी राष्ट्रीय परीक्षाही देता येते, त्वचारोगातल्या पीएंची आमची संस्था आहे, तिचे वर्ग असतात. ते सगळं नंतर.

मेडिकल असिस्टंटचं काम मिळालं की एक गोष्ट पहिल्या दिवसापासून कर. पूर्ण अंगाच्या तपासणीसाठी पेशंटला गाऊन देशील, तेव्हा मोजेही काढायला सांग, आणि नखांना रंग असेल तर पुढच्या वेळी पुसून यायला सांग. बहुतेक जण म्हणतात, पायाला काही नाही हो. तरी काढायला लाव, आणि आत येणाऱ्याला सांग, 'पाय बघायचे राहिलेत.'